रुग्णाची साक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्ना शहरात डॉ. झिग्मुंड फ्रॉइड यांच्या उपचाराखाली एक श्रीमंत विधवा बाई होत्या. आपल्या लेखनात त्यांचे खरे नाव झाकून फ्रॉइड यांनी त्यांना एमी फॉन एन. असे म्हटले आहे. भीती, पोटाच्या तक्रारी, बोलताबोलता मध्येच तोंडातून निघणारे चमत्कारिक आवाज अशा अनेक दुखण्यांनी बाई गांजल्या होत्या. फ्रॉइड त्या वेळी नुकतीच तिशी उलटलेले, धंद्यात नवखे, आणि प्रत्येक लक्षणाचे मूळ हुडकून काढण्यास उतावीळ झालेले होते. हे कोठून आले, ते केव्हापासून आहे, असे प्रश्न ते एकामागून एक विचारीत. एके दिवशी बाई कुरकुरल्या. सारखे मूळ विचारीत बसू नका, मला जे सांगावयाचे आहे ते सांगू द्या, अशा आशयाचे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट बजावले. फ्रॉइड यांनी ते मानले. रुग्णाने मनात येईल ते बोलावे व वैद्याने मध्ये न पडता ऐकावे, ही पुढे जगभर गाजलेली पद्धत. तिच्या उगमाशी जे अनेक झरे आहेत त्यांत या कुरकुरीचाही एक आहे, असे मानसोपचाराचे इतिहासकार मानतात.

ही हकीकत १८९५ साली ज्या ग्रंथात प्रसिद्ध झाली त्याच ग्रंथात फ्रॉइड यांचे ज्येष्ठ सहकारी योसेफ ब्रॉयर यांनी आपल्या एका रुग्णाची कथा सांगितली आहे. 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने ती मुलगी प्रसिद्ध आहे. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयर तिच्याकडे जात, ती बोले, ते ऐकत, आणि बोलण्याने मनाचा भार उतरतो असा अनुभव दोघांनाही येई. या उपचाराला 'बोलण्याचा उपचार' हे नावही तिनेच दिलेले. ब्रॉयर यांचा वृत्तान्त वाचणाऱ्याची समजूत अशी होते की मुलगी बरी झाली. परंतु उपचार संपल्यावर १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात ठेवावे लागले होते, आणि ही गोष्ट जगाला कळली ती १९७२ साली, आंरी एलेनबेर्गर या इतिहासकाराने त्या आरोग्यधामातील कागद शोधून काढल्यावर. ती मुलगी, बेर्था पापेनहाइम, पुढे जर्मनीतील थोर समाजसेविका झाली. १९०४ मध्ये तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. हा तिचा स्वतःचा पराक्रम होय. त्याचे श्रेय त्या उपचाराच्या पदरात टाकता येत नाही.

एकाच ग्रंथातील या दोन कथा शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे मानसोपचाराच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासातील एक मोठा पेच डोळ्यांसमोर येतो. हाड जुळले की नाही हे हाडवैद्याला हात लावून कळते. ताप उतरला की नाही हे पारा सांगतो. परंतु मन सावरले की नाही हे कोणी सांगावयाचे? ब्रॉयर यांच्या कथेत ते वैद्याने सांगितले. एमीच्या प्रसंगात रुग्णाने तोंड उघडले, वैद्याने कान दिला, आणि उपचाराची दिशाच बदलली. तथापि अर्धशतकभर रूढी चालली ती पहिल्या प्रकारची. उपचार कसा चालला याचा एकमेव पुरावा म्हणजे वैद्याची आठवण, आणि तीही बहुधा दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री टिपलेली. रुग्ण तक्रार करू लागला तर ते त्याच्या आजाराचेच एक लक्षण मानले जाण्याची सोय या शास्त्रात फार लवकर झाली होती. ज्या खटल्यात फिर्यादीची साक्षच अग्राह्य ठरते त्या खटल्यासारखी ही स्थिती होती.

या स्थितीला पहिला तडा गेला तो अमेरिकेत, आणि तो पाडणारे कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ होते. ओहायो राज्याच्या विद्यापीठात १९४० मध्ये रुजू झाल्यावर त्यांनी उपचाराच्या बैठकी ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली. फीत तेव्हा सर्रास मिळत नसे. कोऱ्या तबकडीवर सुईने आवाज कोरावयाचा, काही मिनिटांत तबकडी भरली की दुसरी चढवावयाची, असा तो खटाटोप. बंद दाराआडचे ते संभाषण तिसऱ्या माणसाने ऐकावे ही कल्पनाच पुष्कळांना अब्रह्मण्यम् वाटली. १९४२ साली रॉजर्स यांनी समुपदेशनावरील आपल्या ग्रंथात एका उपचाराच्या आठही बैठकी शब्दशः छापल्या. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित मुलाखतींचा उपयोग उपचारकाचे कौशल्य वाढविण्यासाठी कसा होतो यावर त्यांनी एक निबंध लिहिला. तबकड्या ऐकताना त्यांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना जे आढळले ते मनोरंजक आहे. आपण रुग्णावर आपले मत लादीत नाही अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती तेच उपचारक प्रत्यक्षात पदोपदी सल्ला देत होते, प्रश्नांनी समोरच्याला वळवीत होते. आठवणीने जे झाकले होते ते तबकडीने उघडे केले.

रॉजर्स यांनी 'रुग्ण' हा शब्दही टाकून दिला. वकिलाचे जसे अशील असते तसा हा माणूस, असे त्यांचे म्हणणे. शब्दाच्या या बदलात केवळ सौजन्य नव्हते. रुग्णाला औषध द्यावयाचे असते. अशिलाला त्याचे म्हणणे विचारावयाचे असते. मराठीत मात्र 'अशील' म्हटले की कोर्टाची पायरी डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे 'रुग्ण' हाच शब्द चालवून घेणे बरे.

त्यानंतर दहा वर्षांनी लंडनहून एक तोफ डागली गेली. १९५२ मध्ये हान्स आयझेंक यांनी मानसोपचाराच्या फलितांचा हिशेब मांडला. चोवीस अभ्यास आणि सात हजारांहून अधिक रुग्ण यांची आकडेवारी तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की मानसिक अस्वस्थतेने पीडित अशा माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे दोन वर्षांच्या आत सुधारतात, मग त्यांच्यावर मानसोपचार होवोत अथवा न होवोत. त्यांच्या हिशेबात उणिवा होत्या. ज्यांच्याशी तुलना केली ते लोक खरोखरच उपचाराविना राहिले होते काय, आणि 'सुधारला' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच होता काय, असे प्रश्न टीकाकारांनी विचारले ते रास्त होते. आयझेंक यांच्या उत्तरायुष्यातील काही संशोधन तर २०१९ मध्ये त्यांच्याच जुन्या संस्थेच्या चौकशीत अविश्वसनीय ठरले. पण १९५२ च्या त्या काही पानांनी काम केले. पंचवीस वर्षे या क्षेत्रातील संशोधक जणू त्या एका आरोपाचे उत्तर शोधीत राहिले.

उत्तर १९७७ मध्ये मिळाले. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखविले की उपचार घेणारा सरासरी माणूस, उपचार न घेणाऱ्यांपैकी शेकडा ७५ जणांपेक्षा बरा असतो. कोणत्या पंथाचा उपचार, याने फारसा फरक पडत नाही हेही त्यात दिसले. मानसोपचाराच्या जगात हायसे वाटले. परंतु सरासरी ही मोठी मायावी चीज आहे. नदीची सरासरी खोली कंबरभर आहे एवढे ऐकून उतरणारा माणूस डोहात बुडू शकतो. अ‍ॅलन बर्गिन यांनी १९६६ मध्येच लक्ष वेधले होते की उपचार घेणाऱ्यांत काही जण चांगले सुधारतात आणि काही जण उपचार चालू असतानाच पूर्वीपेक्षा वाईट होतात. सरासरी काढली की दोघेही नाहीसे होतात. प्रौढांमध्ये अशा बिघडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा पाच ते दहा असावे असा पुढील अंदाज आहे. हे प्रमाण ऐकावयास लहान वाटते. ज्या घरात तो एक माणूस असतो तेथे ते लहान नसते.

उपचारकाउपचारकांतही असाच फरक झाकला गेला होता. डेव्हिड रिक्स यांनी १९७४ मध्ये एकाच दवाखान्यातील दोन उपचारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांकडे आलेली मुले सारखीच अवघड होती, पण मोठेपणी त्यांची जी गत झाली तीत फार मोठे अंतर होते. पहिला उपचारक सर्वांत बिकट मुलांवर अधिक वेळ घालवी, अधिक श्रम घेई. दुसरा त्याच मुलांपुढे स्वतः खचून अंग काढून घेई. मुलांना हे कळत होते. त्यांनी पहिल्याला अचाट वैद्य अशा अर्थाचे टोपणनावही दिले होते. दवाखान्याच्या दप्तरात मात्र दोघेही सारखेच.

मग हे बिघडणारे रुग्ण वेळीच कसे ओळखावे? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील केनेथ हॉवर्ड यांनी या प्रश्नाची मांडणी बदलली. औषधाचा डोस आणि गुण यांचे नाते असते तसे बैठकींची संख्या आणि सुधारणा यांचेही असावे, असा विचार करून त्यांनी १९८६ मध्ये दाखविले की आठव्या बैठकीपर्यंत सुमारे निम्मे आणि सव्विसाव्या बैठकीपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण सुधारलेले असतात. म्हणजे सुधारणेला एक ठरावीक चाल असते. चाल ठाऊक झाली की रेंगाळणारा ओळखता येतो. १९९६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा आग्रह धरला: हा उपचार साधारणपणे गुणकारी आहे काय, हे पुष्कळ विचारून झाले, आता, समोर बसलेल्या या एका माणसाला त्याचा गुण येत आहे काय, हे विचारावे.

हा प्रश्न रोजच्या व्यवहारात उतरविण्याचे श्रेय मुख्यतः यूटा राज्यातील ब्रिगम यंग विद्यापीठाच्या मायकेल लॅम्बर्ट यांच्याकडे जाते. गॅरी बर्लिंगेम यांच्या साहाय्याने त्यांनी पंचेचाळीस प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. झोप, एकटेपणा, कामातील अडचणी, घरातील कलह, जगण्याचा कंटाळा अशा गोष्टींवर रुग्णाने बैठकीपूर्वी काही मिनिटांत खुणा करावयाच्या. बेरीज जितकी मोठी तितका त्रास अधिक. हजारो रुग्णांच्या नोंदींवरून, अमुक त्रासाने आरंभ करणारा माणूस तमुक बैठकीला कोठे असावयास हवा, याचा आलेख अगोदर काढलेला असे. प्रत्यक्ष रुग्णाची खूण त्या आलेखावर पडली की उपचारकाला एक रंग दिसे. पांढरा म्हणजे माणूस सर्वसामान्यांच्या पातळीवर आला, उपचार आवरण्याचा विचार करावा. हिरवा म्हणजे ठीक चालले आहे. पिवळा म्हणजे जपून. तांबडा म्हणजे हा माणूस हातचा चालला आहे.

अशा यंत्रणेची गरजच काय, अनुभवी माणसाला हे दिसत नाही काय, असा आक्षेप येणे साहजिक होते. लॅम्बर्ट यांच्या गटाने त्याची परीक्षा घेतली, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली ती परीक्षा या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी होय. ५५० रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना सांगण्यात आले की प्रत्येक रुग्णाविषयी भाकीत करा: उपचाराच्या अखेरीस हा माणूस आरंभापेक्षा वाईट अवस्थेत असेल काय? शंभरात सुमारे आठ जण बिघडतात ही माहितीही त्यांना आधीच पुरविलेली होती. उपचारकांनी ५५० पैकी तिघांची नावे घेतली. प्रत्यक्षात बिघडले चाळीस. आणि त्या तिघांपैकी खरोखर बिघडलेला एकच होता. म्हणजे एकोणचाळीस माणसे आठवड्यामागून आठवडे एका शिकलेल्या, सहृदय, लक्षपूर्वक ऐकणाऱ्या माणसासमोर बसून खालीखाली जात होती, आणि समोरच्याला त्याची चाहूल लागली नाही. त्याच रुग्णांच्या पत्रिकांवरून केलेल्या साध्या गणिताने मात्र या चाळिसांतील बहुतेकांना आधीच हेरले होते.

यात उपचारकांना आळशी अथवा निर्दय ठरविण्याचे कारण नाही. पॉल मील यांनी १९५४ मध्येच एका लहानशा ग्रंथात दाखवून दिले होते की भाकिताच्या कामात तज्ज्ञाचा अंदाज साध्या संख्याशास्त्रीय सूत्राहून क्वचितच सरस ठरतो. मानसोपचारात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ज्या शिंप्याचा कपडा बिघडतो त्याच्याकडे गिऱ्हाईक भांडावयास परत येते. मानसोपचारकाचा असमाधानी रुग्ण येतच नाही. तो पुढची वेळ घेत नाही, निरोप पाठवीत नाही, आणि उपचारक त्याच्या गैरहजेरीचा अर्थ आपल्या सोयीने लावतो: बरे वाटले असेल, किंवा मनाची तयारी नसेल. जे टिकतात ते बहुधा गुण आलेले असतात. त्यांच्यावरून स्वतःचे मोजमाप करणाऱ्याचे मोजमाप फुगणारच. २०१२ साली अमेरिकेतील १२९ व्यावसायिकांना स्टीव्हन वॉलफिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले की समव्यवसायींच्या तुलनेत तुम्ही कोठे बसता. चौघांपैकी एकाने स्वतःला अव्वल दहा टक्क्यांत बसविले. सरासरीच्या खाली स्वतःला मानणारा एकही निघाला नाही.

म्हणून वेळेवर विचारणे, आणि विचारलेले उपचारकाच्या डोळ्यांपुढे ठेवणे, एवढाच उपाय लॅम्बर्ट यांनी करून पाहिला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातील ६०९ जण होते. निम्म्यांच्या पत्रिका उपचारकांना दाखविल्या, निम्म्यांच्या झाकून ठेवल्या. जे ठीक चालले होते त्यांना विशेष फरक पडला नाही. जे तांबड्या रंगात गेले होते त्यांना मात्र पडला. उपचारकाला इशारा मिळाला तेव्हा त्यांच्यातील अधिक जण सावरले आणि ते अधिक बैठकींपर्यंत टिकले. पुढील प्रयोगांत अशा घसरणाऱ्या रुग्णांत अखेर बिघडणाऱ्यांचे प्रमाण इशाऱ्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आले. इशाऱ्याबरोबर, आता उपचारकाशी नाते पाहा, घरचा आधार पाहा, रुग्णाची इच्छा पाहा, अशी दिशा दाखविणारे साधन जोडले तेव्हा ते आणखी घटले.

पंचेचाळीस प्रश्न पुष्कळांना जाच वाटले. स्कॉट मिलर व बॅरी डंकन यांनी ते चारांवर आणले. कागदावर दहा सेंटिमीटरच्या चार आडव्या रेषा: स्वतःचे कसे आहे, जवळच्या माणसांशी कसे आहे, कामाच्या व मित्रांच्या जगात कसे आहे, एकंदरीत कसे आहे. रुग्णाने प्रत्येक रेषेवर एक फुली मारावयाची. बैठक संपताना आणखी चार रेषा: आपले म्हणणे ऐकले गेले काय, जे बोलावयाचे होते ते बोलणे झाले काय, ही पद्धत आपल्याला मानवते काय, आजची बैठक एकंदर कशी झाली. या दुसऱ्या कागदामागे जुने संशोधन होते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारक व रुग्ण यांच्यातील सख्याची फोड केली होती: उद्दिष्टाविषयी एकमत, मार्गाविषयी एकमत, आणि दोघांतील जिव्हाळा. हे सख्य कसे आहे याविषयी रुग्णाचे मत उपचारकाच्या मतापेक्षा फलिताशी अधिक जुळते, असे त्यानंतरच्या अभ्यासांत आढळून आले होते. नॉर्वेमध्ये मॉर्टन अंकर यांनी २०५ जोडप्यांवर हे कागद वापरून पाहिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कागद भरणाऱ्या जोडप्यांना लक्षणीय गुण आला, आणि सहा महिन्यांनी पाहता त्यांच्यात विभक्त झालेल्यांची संख्याही कमी होती.

येथे एक अडचण आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला ती कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या तोंडावर 'तुमचा गुण येत नाही' असे म्हणणे आपल्या माणसांना अवघड जाते. 'बरं आहे साहेब' असे म्हणून पाया पडून जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला सापडतो. पाश्चात्त्यांतही हे थोड्याफार फरकाने असतेच. बैठकीचा कागद बहुतेक जण भरभरून गुण देऊनच परत करतात. म्हणून मिलर यांचे सांगणे असे की कमी गुण पडले तर त्याचे स्वागत करावे, रुग्णाला ते देण्याचे धैर्य येईल असे वागावे. फुली मारून घेणे हे कारकुनाचे काम आहे. ती खरी मारली जावी असे वातावरण निर्माण करणे हे उपचारकाचे.

या उपायाला नंतर जी प्रसिद्धी मिळाली तिच्या मानाने पुढचे निकाल संयत आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. नेदरलँड्समध्ये किम द योंग यांना २०१२ मध्ये आढळले की ज्या उपचारकांनी माहिती खरोखर वापरली त्यांच्याच रुग्णांना लाभ झाला. निम्म्यांच्या आसपास उपचारकांनी तर ती वापरलीच नव्हती. आम्स्टरडॅम येथील तातडीच्या मानसोपचार केंद्रात २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगात लाभ दिसला नाही. ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याच्यापुढे कागद धरून काय साधावयाचे, हा प्रश्न त्यातून निघाला. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने सतरा अभ्यास तपासून सांगितले की सरसकट लाभाचा पुरावा सापडत नाही. घसरणाऱ्या रुग्णांना मात्र तो होत असावा. २०२१ मध्ये द योंग यांनी ५८ अभ्यास एकत्र केले तेव्हा परिणाम लहान पण खरा ठरला, आणि मध्येच उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाणही त्यामुळे घटते असे दिसले. लहान परिणामाची किंमत ज्याने त्याने करावी. एक कागद आणि पाच मिनिटे एवढ्या खर्चात मिळणारे असे लहान फळ वैद्यकात फार ठिकाणी मिळत नाही, हेही त्या हिशेबात धरावे लागते.

इंग्लंडने तर २००८ पासून सार्वजनिक मानसोपचाराच्या मोठ्या योजनेत प्रत्येक बैठकीला मोजमाप सक्तीचेच केले. त्यामुळे किती जण सुधारले हे त्या देशाला जाहीरपणे कळू लागले. अशी पारदर्शकता इतरत्र दुर्मीळ आहे. परंतु मोजमाप खोलीतील दोघांच्या कामी येण्याऐवजी वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ लागले की त्याचा स्वभाव बदलतो. मग फुली ही साक्ष राहत नाही, ती हजेरीपत्रक बनते. या धोक्याची जाणीव तेथील उपचारकांनीही वेळोवेळी बोलून दाखविली आहे.

इतके झाल्यावरही एक प्रश्न उरतो. वर्षानुवर्षे रुग्णांकडून शिकत गेलेला उपचारक अधिक कुशल होतो काय? सामान्य समजूत अशी की होतोच. सायमन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १७० उपचारक आणि ६,५९१ रुग्ण यांच्या नोंदी तपासल्या. काही उपचारकांच्या तर अठरा वर्षांच्या. अनुभव वाढत गेला तसतशी फलिते वाढली नाहीत. उलट ती अगदी किंचित घसरली. काहींनी प्रगती केली होती, पण सरासरीचा कल खाली होता. नुसत्या नोंदी जमविल्याने कौशल्य येत नाही, हे त्यातून उघड झाले. आरसा रोज पाहिल्याने कोणी पैलवान होत नाही. तालीम करावी लागते.

ही तालीम कशी असावी याचे उत्तर मानसोपचाराने दुसऱ्या क्षेत्रातून आणले. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून दाखविले होते की उत्तम वादक एकट्याने, जे जमत नाही नेमके तेच पुन:पुन्हा, गुरूच्या देखरेखीखाली घोटतात. गाण्याची तालीम ज्याने पाहिली आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. एक तान बसेपर्यंत दुसरीकडे न जाणारे गुरू आपल्याकडे होऊन गेले. उपचारक मात्र पदवी मिळाल्यानंतर सहसा तान घोटीत नाही. तो रोज मैफलच करतो. डॅरिल चाऊ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात चांगली फलिते मिळविणारे उपचारक बैठकींबाहेर अशा एकांतातील सरावावर इतरांहून कितीतरी अधिक वेळ घालविताना दिसले.

कॅनडातील कॅल्गरी येथील समुपदेशन केंद्राने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. प्रत्येक बैठकीला रुग्णाचा अभिप्राय घ्यावयाचा. प्रत्येक उपचारकाची फलिते त्याच्यासमोर ठेवावयाची. आणि ज्या रुग्णांना गुण येत नाही त्यांच्याविषयी सहकाऱ्यांत उघड चर्चा व सराव करावयाचा. आरंभी विरोध झाला आणि काही जण नोकरी सोडूनही गेले. पुढे सात वर्षांच्या नोंदी, १५३ उपचारक आणि ५,१२८ रुग्ण यांच्या, गोल्डबर्ग यांनीच तपासल्या, तेव्हा तेथील फलिते वर्षागणिक हळूहळू चढलेली आढळली. चढ फार मोठा नव्हता. पण इतर ठिकाणी जी रेषा खाली जात होती ती येथे वर जात होती, आणि केवळ चांगले उपचारक भरती केले म्हणून ती चढली असेही नव्हते. तेच उपचारक सुधारत होते.

या इतिहासाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. तेथील 'संगत' या संस्थेने, जिची स्थापना १९९६ मध्ये झाली, नैराश्यावरील एक लहानसा उपचारक्रम तयार केला. सहा ते आठ बैठकी, आणि त्या घेणारे उपचारक म्हणजे मानसशास्त्राचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेली, थोड्या प्रशिक्षणाने तयार केलेली साधी माणसे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर तो करून पाहिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. प्रत्येक बैठकीला नऊ प्रश्नांची पत्रिका विचारून रुग्णाचे कसे चालले आहे हे पाहिले जाई.

आपल्याकडे मनाच्या तज्ज्ञांची वाण किती आहे हे सर्वश्रुत आहे. एवढ्या उपचारकांवर देखरेख करावयास तज्ज्ञ आणावे कोठून? गोव्यातील गटाने तोड काढली ती रॉजर्स यांच्या तबकडीची आठवण करून देणारी. बैठकींचे ध्वनिमुद्रण रुग्णाच्या संमतीने करावयाचे, आणि आठवड्याच्या सभेत सर्व उपचारकांनी मिळून ते ऐकून ठरावीक कसोट्यांवर एकमेकांना गुण द्यावयाचे. आरंभी या सभा तज्ज्ञ चालवीत. पुढे सहकारीच चालवू लागले. हे गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी कितपत जुळतात हे तपासले गेले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत ते बऱ्याच अंशी जुळत असल्याचे दिसले. आरोग्य केंद्राच्या एखाद्या खोलीत ती ध्वनिफीत लागते, बोलणाऱ्या उपचारकाच्या शेजारीच त्याचे चार सोबती कागद घेऊन बसलेले असतात, आणि रुग्ण बोलू लागला असताना आपण मध्येच सल्ला देऊन त्याला तोडले, हे ज्याचे त्यालाच ऐकू येते.